मदत कोणाच्या हाती? : १९२७ च्या मिसिसिपी महापुरातील निवारा छावण्या व कुटुंबसाहाय्य यांचे मूल्यमापन

प्रास्ताविक

इ. स. १९२७ च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील मिसिसिपी नदीला आलेला महापूर हा त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत विनाशक पुरांपैकी एक मानला जातो. सात राज्यांतील सुमारे २७,००० चौरस मैल प्रदेश पाण्याखाली गेला. दीड लाखाहून अधिक घरांत पाणी शिरले. अमेरिकन रेडक्रॉसच्या नोंदीनुसार ६,३७,४७६ लोकांना मदत द्यावी लागली. त्यांपैकी ३,२५,५५४ लोक १५४ छावण्यांत राहिले, तर ३,११,९२२ लोकांना छावण्यांबाहेर, म्हणजे माड्यांवर, मालगाडीच्या डब्यांत, नातलगांच्या घरी वा उंचवट्यांवर शिधा पोहोचविण्यात आला. रेडक्रॉसने लोकवर्गणीतून १ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक निधी उभा केला. शांततेच्या काळात अमेरिकेत एवढ्या मोठ्या प्रमाणावर मदतकार्य त्यापूर्वी झाले नव्हते.

हे आकडे त्या काळीही अभिमानाने सांगितले गेले आणि ते अभिमान बाळगण्याजोगे होतेच. मात्र तंबू किती उभारले, शिध्याची पाकिटे किती वाटली, लसी किती टोचल्या या मोजमापाने मदतीचा विस्तार कळतो, तिचा परिणाम कळत नाही. विस्थापित कुटुंबाला मिळालेली वस्तू खरोखर त्या कुटुंबाची झाली काय, हा प्रश्न वेगळा आहे. प्रस्तुत निबंधात १९२७ च्या मदतकार्याचा विचार या प्रश्नाच्या अंगाने केला आहे. विवेचनाचा भर मिसिसिपी राज्यातील ‘डेल्टा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सखल प्रदेशावर आणि विशेषतः ग्रीनव्हिल या नगरावर आहे. कारण मदतकार्यातील गुण आणि दोष तेथे सर्वांत ठळकपणे दिसून आले.

पुराची पार्श्वभूमी

१९२६ च्या ऑगस्टपासूनच मिसिसिपीच्या खोऱ्यात असाधारण पाऊस पडत होता. १९२७ च्या आरंभी उपनद्या दुथडी भरून वाहू लागल्या. १५ एप्रिल या गुड फ्रायडेच्या दिवशी एकट्या न्यू ऑर्लिन्स शहरात सुमारे १५ इंच पाऊस झाला. नदीला केवळ बांधांच्या साहाय्याने आवरून धरावे, अतिरिक्त पाण्यास दुसरी वाट ठेवू नये, हे धोरण अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी अनेक दशके चालविले होते. बांध जसजसे उंच होत गेले तसतसे नदीचे पाणीही त्यांच्यामध्ये उंच चढत गेले. २१ एप्रिल रोजी सकाळी ग्रीनव्हिलच्या उत्तरेस माऊंड्स लँडिंग येथे बांधाला खिंडार पडले. पुढील दहा दिवसांत डेल्टामधील सुमारे दहा लाख एकर जमिनीवर काही ठिकाणी दहा फुटांपर्यंत पाणी साचले. खिंडार पडले त्या वेळी बांधावर मातीची पोती रचणारे बहुसंख्य मजूर कृष्णवर्णीय होते. त्यांच्यातील नेमके किती वाहून गेले याविषयी एकमत कधीच झाले नाही. संपूर्ण पुरातील मृतांचा रेडक्रॉसने दिलेला २४६ हा आकडाही पुढील अभ्यासकांनी अपुरा मानला आहे.

मदतकार्याचे स्वरूप समजण्यासाठी या प्रदेशातील शेतीची रीत ध्यानात घेणे आवश्यक आहे. डेल्टामध्ये कापसाचे विस्तीर्ण मळे होते. जमीन गोऱ्या मळेवाल्यांची आणि कसणारी कुटुंबे बहुतांशी कृष्णवर्णीयांची होती. मराठी वाचकास परिचित असलेल्या अर्धेलीशी ही पद्धत काहीशी मिळतीजुळती होती. पिकाचा निम्मा वाटा मालकाचा. उरलेल्या निम्म्यातून वर्षभरात मळ्यावरील दुकानातून उचललेले धान्य, कापड, तेल-मीठ, औषधे यांची उधारी व्याजासह वळती केली जाई. हिशेबाची वही मालकाकडे असे. वर्षअखेरीस कुटुंबाच्या हाती काही उरेलच याची शाश्वती नसे. पुष्कळदा देणेच शिल्लक राही आणि ते फिटल्याखेरीज मळा सोडून जाण्याची मोकळीक नसे. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली होती. मळ्यांची मजुरांवरील पकड मात्र या वहीच्या आधारे टिकून होती. उत्तरेकडील कारखान्यांकडे चाललेल्या कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरामुळे ही पकड सैल होत आहे, अशी चिंता मळेवाल्यांना पुराच्या आधीपासूनच होती.

छावण्यांची उभारणी

राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांनी २२ एप्रिल रोजी जनतेस मदतीचे आवाहन केले आणि वाणिज्य खात्याचे मंत्री हर्बर्ट हूव्हर यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची विशेष समिती नेमली. पहिल्या महायुद्धाच्या काळात बेल्जियममधील उपासमारग्रस्तांना अन्न पुरविण्याचे काम हूव्हर यांनी पार पाडले होते, त्यामुळे त्यांची निवड स्वाभाविक होती. रेडक्रॉसचे जेम्स फीझर हे त्यांचे मुख्य सहकारी होते. केंद्रीय शासनाने पूरग्रस्तांना थेट देण्यासाठी एक डॉलरही मंजूर केला नाही. तथापि सैन्याचे तंबू, खाटा, कांबळी व भटारखान्याचे सामान, तसेच नौदल आणि तटरक्षक दलाच्या बोटी व विमाने यांचा मुक्तपणे उपयोग करू दिला. म्हणजेच वस्तू शासनाच्या व पैसा लोकांचा असे या कार्याचे रूप होते.

उपलब्ध साधने आणि काळ ध्यानात घेता छावण्यांच्या उभारणीचा वेग थक्क करणारा होता. उंच जागा हेरून तंबूंच्या ओळी, पाण्याच्या टाक्या, चर खणून केलेले संडास, दवाखान्याचा तंबू आणि सार्वजनिक भटारखाना अशी मांडणी काही दिवसांत केली गेली. व्हिक्सबर्ग येथे तर यादवी युद्धाच्या जुन्या रणभूमीवरील स्मारक-उद्यानात तंबू ठोकण्यात आले. विषमज्वर व देवी यांच्या लसी मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आल्या, हिवतापावर कोयनेल वाटले गेले. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने अनेक जिल्ह्यांत पूर्णवेळ आरोग्य पथके स्थापन झाली. लाखो लोक महिनोन् महिने दाटीवाटीने राहत असताना साथीच्या रोगांनी व्यापक संहार केला नाही, हे या कार्याचे सर्वांत निर्विवाद यश होय. केवळ जीवरक्षण ही कसोटी लावली तर १९२७ च्या छावण्या तिला उतरतात, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

परंतु छावणी हे केवळ निवाऱ्याचे ठिकाण नव्हते. दक्षिणेच्या रीतीप्रमाणे गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या. गोऱ्या कुटुंबांना येण्याजाण्याची सामान्यतः मुभा होती. कृष्णवर्णीयांच्या अनेक छावण्यांभोवती नॅशनल गार्डचे सशस्त्र पहारे होते, परवान्यावाचून बाहेर पडता येत नसे. पाणी ओसरू लागल्यावर मळेवाले वा त्यांचे मुकादम छावणीत येऊन ‘आपली’ कुटुंबे ओळखून नेत. कोणत्या कुटुंबाने कोठे परतावे हे त्या कुटुंबाने ठरवावे, अशी व्यवस्थाच नव्हती. नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांनी प्रत्यक्ष पाहणी करून १९२७ च्या जूनमध्ये ‘द नेशन’ या साप्ताहिकात लेख लिहिला, तेव्हा हा प्रकार उत्तरेकडील वाचकांसमोर आला. मजूर अन्यत्र निघून जाऊ नयेत यासाठी छावण्यांचा उपयोग होत आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा मुख्य आशय होता. शिकागोहून निघणाऱ्या ‘डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने हाच विषय लावून धरला.

ग्रीनव्हिलचा बांध

ग्रीनव्हिल नगर पाण्यात बुडाले तेव्हा कोरडी राहिलेली सलग जागा म्हणजे नदीचा बांध. त्याचा माथा जेमतेम आठ फूट रुंद होता. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस बुडालेले नगर, आणि मध्ये मैलोन् मैल पसरलेल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर सुमारे १३,००० कृष्णवर्णीय माणसे, त्यांची खेचरे, गाई, डुकरे, कोंबड्या. गोऱ्यांपैकी जे नगरात राहिले त्यांनी मोठ्या इमारतींच्या वरच्या मजल्यांचा आश्रय घेतला.

स्थानिक मदत समितीचे अध्यक्षपद विल्यम अलेक्झांडर पर्सी यांच्याकडे होते. ते कवी आणि वकील, तसेच परिसरातील बडे मळेवाले व माजी सिनेटर लेरॉय पर्सी यांचे पुत्र होते. बांधावरील परिस्थिती पाहून सर्वच लोकांना आगबोटींतून सुरक्षित स्थळी हलवावे असा निर्णय त्यांनी घेतला आणि बोटी मागविल्या. बोटी आल्या. गोऱ्या स्त्रिया व मुले त्यांतून गेली. कृष्णवर्णीयांना मात्र नेण्यात आले नाही. एकदा गेलेला मजूर परत येणार नाही आणि मजुरावाचून मळे ओस पडतील, अशी मळेवाल्यांची भीती होती. समितीच्या सभासदांनी ऐन वेळी आपले मत का फिरविले याचा खुलासा पुत्राला पुष्कळ उशिरा झाला : त्यांना एकेकटे गाठून त्यांचे मन वळविणारे गृहस्थ स्वतः लेरॉय पर्सी हेच होते. ही हकिकत विल्यम पर्सी यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लँटर्न्स ऑन द लेव्ही’ या आत्मचरित्रात नमूद केली आहे. तीत पित्याविषयी दोषाचा सूर नाही. उलट त्या निर्णयाचे समर्थनच त्यांनी केले, ही बाब त्या वर्गाच्या मनोवृत्तीचा पुरावा म्हणून इतिहासकारास अधिक मोलाची वाटते.

यानंतर बांधावरील छावणीचे स्वरूप पालटले. रेडक्रॉसचा माल बोटींतून उतरविण्याचे काम कृष्णवर्णीय पुरुषांनी विनावेतन करावे असे ठरले. कामाला जोडलेल्या माणसाच्या अंगावर बिल्ला असे; बिल्ला नसेल तर शिधा मिळणे दुरापास्त. ज्या घरात काम करू शकणारा पुरुष आहे पण तो काम करीत नाही, त्या घराचा शिधा बंद होई. घरात पुरुष नाही असे सांगणाऱ्या स्त्रीला तसे कोणा गोऱ्या व्यक्तीकडून लिहून आणावे लागे. काम नाकारणाऱ्यास भटक्या ठरवून अटक करण्याची धमकी होतीच. देशभरातील सामान्य माणसांनी दान म्हणून पाठविलेले अन्न अशा रीतीने मजुरीच्या जागी आले, आणि मजुरीही अशी की तिचा दर ठरविण्याचा वा ती नाकारण्याचा अधिकार मजुराला नव्हता.

तंबूंतील स्थितीविषयीही तक्रारी होत्या. अनेक तंबूंत खाटा नव्हत्या, ओल्या जमिनीवर निजावे लागे. जेवणासाठी ताटे-चमचे अपुरे होते. डबाबंद फळे व अन्य चांगले पदार्थ बांधावर पोहोचत नसत अशी साक्ष पाहणी करणाऱ्यांनी नोंदविली. जूनमध्ये नदीला पुन्हा चढ आला आणि बांधातील उघड्या खिंडारातून पाणी दुसऱ्यांदा आत शिरले, त्यामुळे छावणीचा मुक्काम लांबला. जुलैच्या आरंभी, रात्रभर काम करून घरी परतलेल्या एका कृष्णवर्णीय मजुराला पुन्हा कामावर चलण्यास पोलिसाने फर्मावले. त्याने नकार देताच पोलिसाने त्याला गोळी घातली आणि तो मरण पावला. या घटनेने ग्रीनव्हिलमधील दोन समाजांमध्ये उरलासुरला विश्वासही नाहीसा झाला. ऑगस्टच्या अखेरीस पर्सी यांनी समितीचे अध्यक्षपद सोडले आणि ते जपानच्या प्रवासास निघून गेले.

ग्रीनव्हिल हा अपवाद होता, असा युक्तिवाद पुढे केला गेला. तो सर्वस्वी खोटा नाही. सर्व छावण्या एकसारख्या नव्हत्या. काही ठिकाणी व्यवस्था खरोखर समाधानकारक होती. परंतु या भिन्नतेचे कारणच विचारात घेण्यासारखे आहे. हूव्हर यांनी मदतकार्याचे जाणीवपूर्वक विकेंद्रीकरण केले होते. माल, पैसा व तज्ज्ञ वरून पाठवायचे आणि वाटप स्थानिक समितीने करायचे, ही त्यांची कार्यपद्धती. स्थानिक समिती म्हणजे त्या गावातील मळेवाले, सावकारी पेढ्यांचे चालक, व्यापारी आणि वकील. समिती उदार असेल तेथे छावणी बरी, नसेल तेथे वाईट. मदत घेणाऱ्यांपैकी एकही माणूस वाटप करणाऱ्यांत नव्हता. अशा स्थितीत चांगली छावणी हीदेखील योगायोगाचीच म्हणावी लागेल.

कुटुंबसाहाय्य : वस्तू आणि वही

छावणीपेक्षाही कठीण कसोटी कुटुंब परतल्यानंतर लागते. पाणी ओसरले तेव्हा डेल्टामधील कुटुंबांपुढे गाळाने भरलेली वा वाहून गेलेली खोपटी, मेलेली जनावरे आणि हुकलेला पेरणीचा हंगाम होता. रेडक्रॉसने परतणाऱ्या कुटुंबांस काही आठवड्यांचा शिधा, स्वयंपाकाची भांडी, खाट-बिछाने, कपडे, बियाणे, जनावरांची वैरण आणि आवश्यकतेनुसार घरदुरुस्तीचे लाकूड देण्याची योजना आखली. या साहाय्याचे तत्त्व असे की, मदत नुकसानीच्या प्रमाणात नव्हे तर गरजेच्या प्रमाणात द्यावयाची. म्हणजे ज्याचे हजार डॉलरचे नुकसान झाले पण जो स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो त्याला काही नाही. ज्याचे दहा डॉलरचेच होते आणि तेही गेले त्याला संसार मांडण्यापुरते. तत्त्व म्हणून यात न्याय आहे आणि नुकसानभरपाईच्या कल्पनेपेक्षा ते गरिबाला अधिक अनुकूलही आहे.

अडचण अशी की, गरज ठरवायची कोणी? येथेही उत्तर तेच होते : स्थानिक समितीने. शिवाय मदत बहुतांशी रोख नव्हती, वस्तुरूप होती. मळ्यावरच्या पन्नास वा शंभर कुटुंबांचा माल प्रत्येकाला निराळा देण्यापेक्षा तो मालकाच्या स्वाधीन करणे सोयीचे, असा विचार अनेक ठिकाणी झाला. सोय खरी होती. रस्ते वाहून गेले होते, वाहने थोडी होती, मालकाकडे गाडी आणि कोठार होते. पण एकदा माल त्या कोठारात गेला की तो रेडक्रॉसचा राहिला की दुकानाचा झाला हे घेणाऱ्याला कळण्यास मार्ग नव्हता. रेडक्रॉसचा कोणताही माल विकावयाचा नाही असा मुख्य कार्यालयाचा नियम होता. असे असूनही काही मळ्यांवर हा माल कुळांच्या नावे उधारीत मांडला गेल्याचे, आणि काही ठिकाणी तो कुळांपर्यंत पोहोचलाच नसल्याचे चौकशीत निष्पन्न झाले.

या गैरप्रकाराकडे केवळ काही व्यक्तींची अप्रामाणिकता म्हणून पाहणे पुरेसे नाही. जेथे कुटुंबाचे सर्व आर्थिक व्यवहार एकाच माणसाच्या वहीतून चालतात, तेथे त्या माणसाच्या हाती दिलेली वस्तू वहीत शिरणे जवळजवळ अटळ होते. प्रामाणिक मालकाच्या मळ्यावरदेखील कुळाला मिळालेला शिधा मालकाच्या उपकाराच्या स्वरूपातच मिळाला. ज्या महिन्यांत मालकाने आपल्या कुळांना पोसावयाचे, त्या महिन्यांत रेडक्रॉसने पोसले. म्हणजे प्रत्यक्षात साहाय्य मळ्याच्या खर्चाला झाले, असेही म्हणता येईल. हे विधान काहीसे निष्ठुर वाटेल, परंतु मालकाची उधारी देण्याची ऐपतही पुराने खालावली होती हे लक्षात घेतले तर मळ्यांना या मदतीची किती निकड होती ते स्पष्ट होते.

मळेवाल्यांसाठी हूव्हर यांनी निराळा उपाय योजला होता. प्रत्येक राज्यात खाजगी भांडवलावर पतपुरवठा मंडळे स्थापून त्यांच्यामार्फत शेतीकर्जे द्यावीत, अशी ती योजना होती. आपल्याकडील तगाईसारखे सरकारी कर्ज त्यांना तत्त्वतःच मान्य नव्हते. या मंडळांचा गाजावाजा पुष्कळ झाला. प्रत्यक्ष कर्जवाटप मात्र फारच थोडे झाले. ज्याच्याकडे तारण देण्याजोगे काही उरले नव्हते त्याला कर्ज कोण देणार? आणि अर्धेलीने कसणाऱ्या कुटुंबाचा तर या योजनेशी संबंधच नव्हता.

पेलाग्राचा पुरावा

मदतीचे मूल्यमापन करताना आरोग्यविषयक पुरावा विशेष उपयोगी पडतो, कारण शरीर वहीतील नोंदींपेक्षा अधिक खरे बोलते. पेलाग्रा हा निकस आहारामुळे होणारा रोग. त्यात कातडीवर चट्टे उठतात, अतिसार होतो आणि पुढे बुद्धिभ्रंश होऊन मृत्यूही येतो. मका, खारवलेली चरबी आणि काकवी एवढ्यावर गुजराण करणाऱ्या दक्षिणेतील गरिबांत तो पूर्वापार होता. अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेचे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा रोग संसर्गजन्य नसून आहारातील उणिवेचा आहे असे सिद्ध केले होते. १९२७ मध्ये त्यांनी व अर्थशास्त्रज्ञ एडगर सिडेनस्ट्रिकर यांनी पूरग्रस्त प्रदेशाची पाहणी केली. त्यांच्या मते पेलाग्राच्या वाढीचे मूळ केवळ पुरात नव्हते. एकाच पिकावरील अवलंबन, कुळांकडे स्वतःची गाय वा भाजीचा मळा नसणे आणि उधारीवर चालणारा संसार ही मूळ कारणे होती. पुराने उरलेल्या गाई व भाजीचे वाफेही नेले आणि उधारीही आटली.

गोल्डबर्गर यांच्या सल्ल्यावरून रेडक्रॉसने मद्यनिर्मितीतील वाळविलेले यीस्ट हजारो पौंड वाटले. स्वस्त, साठविण्यास सोपे आणि पेलाग्रावर गुणकारी असे हे औषध होते. त्यातील नेमके कोणते द्रव्य गुण देते याचा उलगडा पुढे १९३७ मध्ये झाला. यीस्टच्या वाटपाने अनेकांचे प्राण वाचले. तरीही या उदाहरणातून मदतीची मर्यादा उघड होते. मदतीच्या शिध्यातही मक्याचे पीठ, डुकराची चरबी असे नेहमीचेच जिन्नस प्रामुख्याने असत. कुटुंबाला गाय मिळाली असती तर यीस्टची गरज कमी पडली असती. पण गाय ही मालमत्ता आहे, आणि मालमत्ता मिळालेले कुळ हे अधिक स्वतंत्र कूळ असते.

कर्नार्व्हन : कापून घेतलेला निवारा

डेल्टाच्या दक्षिणेस, लुइझियाना राज्यात, याच सुमारास घडलेला एक प्रसंग कुटुंबसाहाय्याच्या चर्चेत टाळता येण्यासारखा नाही. न्यू ऑर्लिन्स शहर वाचविण्यासाठी तेथील पेढीवाल्यांच्या आग्रहावरून २९ एप्रिल रोजी शहराखालील कर्नार्व्हन येथे बांध सुरुंग लावून फोडण्यास आरंभ झाला. त्यामुळे सेंट बर्नार्ड व प्लाक्मिन्स या परगण्यांतील सुमारे दहा हजार लोक बेघर झाले. मासेमारी व मस्करॅट या प्राण्याच्या कातड्यांचा व्यवसाय करणाऱ्या या लोकांची सोय शहरातील एका गोदामात करण्यात आली. त्यांना पूर्ण भरपाई देण्याचे वचन शहराच्या प्रतिष्ठितांनी लेखी दिले होते. प्रत्यक्ष दाव्यांची रक्कम चुकविताना मात्र त्यांच्या निवाऱ्याचा व जेवणाचा खर्च त्यातून वजा करण्यात आला. बहुसंख्य कुटुंबांना नाममात्र रक्कम मिळाली, कित्येकांना काहीच नाही. काही दिवसांतच वरच्या बाजूस अन्य बांध फुटल्याने न्यू ऑर्लिन्सवरील संकट आपोआप टळले. तो सुरुंग अनावश्यक होता. येथील विस्थापित बहुतांशी गोरे होते ही गोष्ट महत्त्वाची आहे. मदत देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सामर्थ्यात मोठी तफावत असेल तर वर्णभेद नसतानाही निवारा हा उधारीचा भाग होऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

सल्लागार आयोगाची पाहणी

वृत्तपत्रांतील टीका वाढल्यावर हूव्हर यांनी कृष्णवर्णीयांचा एक सल्लागार आयोग नेमला. टस्कीगी संस्थेचे प्राचार्य रॉबर्ट मोटन हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाच्या सभासदांनी जूनमध्ये छावण्यांना भेटी दिल्या आणि खाटा, डासांच्या जाळ्या, जेवणाची भांडी, पहारेकऱ्यांचे वर्तन यांविषयी शिफारशी केल्या. यांपैकी काहींची अंमलबजावणी तत्परतेने झाली. छावणीतील दोष दाखवून देताच ते दूर करता येत होते. कारण त्यांसाठी वस्तू पाठविणे पुरेसे होते.

१९२७ च्या अखेरीस आयोगाने पुन्हा पाहणी केली ती मळ्यांवर. या वेळी त्याला आढळलेल्या गोष्टी वस्तू पाठवून सुधारण्यासारख्या नव्हत्या. मदतीचा माल मालकांच्या हाती अडकणे, कुळांना त्याविषयी बोलण्याचे भय वाटणे आणि वेठबिगारीसदृश परिस्थिती या सर्वांचा उल्लेख त्याने हूव्हर यांच्याकडे केला. हूव्हर नाराज झाले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि पूरकार्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते. आयोगाचे तीव्र निष्कर्ष जनतेसमोर आले नाहीत. रेडक्रॉसने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आयोगाच्या अंतिम अहवालाचा सूर सौम्य आणि कृतज्ञतेचा आहे. त्यामुळे केवळ मुद्रित अहवालांवर विसंबणाऱ्या अभ्यासकास या मदतकार्याचे चित्र पुष्कळ उजळ दिसते. याउलट, ‘द क्रायसिस’ या मासिकाने १९२८ च्या आरंभी छापलेली लेखमाला आणि आयोगाचा पत्रव्यवहार यांच्या आधारे पीट डॅनियल यांनी १९७७ मध्ये, रॉबिन स्पेन्सर यांनी १९९४ मध्ये व जॉन बॅरी यांनी १९९७ मध्ये जे लेखन केले, त्यामुळे दुसरी बाजू पुढे आली.

मोटन यांनी मौन का पाळले असावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्यांना दुबळे ठरविणे सोपे आहे. पण त्यांच्यापुढे एक आशा ठेवण्यात आली होती. पूरग्रस्त प्रदेशातील मोठे मळे विकत घेऊन त्यांचे लहान तुकडे करावेत आणि ते कृष्णवर्णीय कुटुंबांना सुलभ हप्त्यांनी स्वतःच्या मालकीने द्यावेत, अशी कल्पना हूव्हर यांनी एका टिपणात मांडली होती. शिल्लक मदतनिधीतून तिचा आरंभ व्हावा असे सूचित करण्यात आले होते. खाट, भांडी आणि बियाणे यांच्या पलीकडे जाऊन मालकाच्या वहीतून कुटुंबाला बाहेर काढू शकेल असा त्या संपूर्ण मदतकार्यातील हा एकच विचार होता. मोटन यांनी त्याच्या भरवशावर १९२८ च्या निवडणुकीत हूव्हर यांना पाठिंबा दिला.

योजनेसाठी निधी मिळाला नाही. १५ मे १९२८ रोजी संमत झालेल्या पूरनियंत्रण कायद्याने बांध व अतिरिक्त पाण्याच्या वाटा यांची जबाबदारी केंद्रीय शासनाने स्वीकारली. घरे आणि संसार त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. डेल्टामधील हजारो कुटुंबे तोवर आगगाडीने शिकागोच्या वाटेला लागली होती. राष्ट्राध्यक्ष झालेल्या हूव्हर यांनी जमिनीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि १९३२ च्या निवडणुकीत मोटन यांनी त्यांना पाठिंबा दिला नाही.